यादी परत आली

रविवार, रात्र.

चिन्मयीने यादी परत केली. बर्नार्ड कॉर्नवेल यांच्या 'शार्प' या ऐतिहासिक कादंबरीमालिकेतील पुस्तके कोणत्या क्रमाने वाचावीत, हे मी तिला वहीच्या पानावर आखून दिले होते. तिने माझे आकडे पेन्सिलीने खोडून शेजारी प्रकाशनाची वर्षे लिहिली होती. "मामा, मी १९८१ च्या पुस्तकापासून सुरुवात करते. तूही तसंच वाचलंस ना?" एवढेच ती म्हणाली. तरीही रात्री जेवण गेले नाही.

माझा क्रम घटनांचा, म्हणजे लढायांच्या वर्षांचा होता: १७९९ चे श्रीरंगपट्टण, १८०३ ची असई आणि गाविलगड, मग ट्रफाल्गर, १८०९ चे स्पेनमधले तालावेरा आणि पुढे वॉटर्लू. तो करताना मन असईवर होते, हे कबूल केले पाहिजे. ज्या शिवाराच्या कडेने आमची एसटी भोकरदनला जात असे, ते शिवार तिला लवकर भेटावे, असे मला वाटत होते. २३ सप्टेंबर १८०३ रोजी वाटाडे नदीला उतार नाही असे सांगत असताना, इंग्रज सेनापती वेलस्लीला पिंपळगाव आणि वरूड ही गावे दोन तीरांवर समोरासमोर दिसली आणि अशा दोन गावांमध्ये उतार असणारच, हे त्याने ताडले. माझ्या आजीला हे कोणी सांगावे लागले नसते. त्याच उताराने त्याने केळणा ओलांडली आणि शिंद्यांच्या तोफा गेल्या. पडलेले गोलंदाज उठून इंग्रजांच्या पाठीवर पुन्हा तोफा डागत होते, हे वाचताना मला आजही बसवत नाही.

या घरात मला काही विचारण्याचे प्रसंग आता फारसे येत नाहीत. ताई होती तेव्हा... असो. एकदा विचारले गेले आणि तेही खोडले गेले, याचेच वाईट वाटत राहिले.

पण तिचा प्रश्न खरा होता. मी स्वतः कुठे घटनाक्रमाने वाचले? मला मालिकेचा नायक रिचर्ड शार्प भेटला तो १९८१ च्या पुस्तकात, तालावेराच्या रणांगणावर, शिपायाचा अधिकारी झालेला. त्याचा सार्जंट हार्पर तोवर त्याचा मित्रही झाला होता. दोघांची पहिली गाठ वैराची होती, हे १९८८ च्या पुस्तकात कळले. असईला शार्पने वेलस्लीचा जीव वाचवला, हे त्या पहिल्या पुस्तकात मागच्या आठवणीसारखे येते. इंग्रजी छपाईत आपल्या गावाचे नाव पाहून मी ती ओळ बोटाने पुन्हा पुन्हा वाचली होती. ती लढाई प्रत्यक्ष लिहिली गेली १९९८ मध्ये. मधली सतरा वर्षे ती मी मनातच लढत होतो, केळणेचे पाणी कधी गुडघ्याइतके, कधी छातीइतके करत. माझ्या यादीने चिन्मयीची नेमकी तीच वाट पाहण्याची वर्षे काढून घेतली असती. तिला अडचण पडू नये म्हणून मी ते करत होतो, आणि मला लाभले तेच तिच्यापासून राखून ठेवत होतो.

तालावेराचे पुस्तक ती घेऊन गेली. असईचे मी कपाटाच्या मागच्या रांगेत ठेवले आहे. तो शब्द तिला आधी तिथे, परक्या रणांगणावर दिसू दे. दिसल्यावर तिचा फोन येतो का, ते पाहायचे.