एका प्याद्याचे सात महिने: संग्रहाची नोंद

मागची नोंद लिहिली तेव्हा कपाटात बुद्धिबळाचे १९ संच होते, आता २२ झालेत. आकडा वाढला म्हणून मिरवावं असं काही नाही. नव्या तिघांतला एक अपुरा निघाला, एक मी माझ्याच हातांनी बिघडवला आणि तिसरा प्लॅस्टिकचा आहे. पण या सात महिन्यांत मोहरे बघायला शिकले. त्याआधी मी ते नुसते जमवत होते.

अपुऱ्यापासून सुरुवात करते, कारण बाकी सगळं त्याच्यामागून आलं.

सरकत्या झाकणाची लाकडी पेटी, आत जुना स्टाँटन घाटाचा संच. पांढरे बॉक्सवुडचे, काळे आबनुसाचे, राजा साधारण ८.९ सेंटीमीटर. घेण्याआधी फोटोत ३२ मोहरे दोनदा मोजले होते. पेटी घरी आल्यावर परत मोजले, ३२च. दोन दिवस मजेत गेले. तिसऱ्या दिवशी काचेच्या तुकड्यावर आठही पांढरी प्यादी ओळीने उभी केली, मागून टॉर्च लावला, आणि एका प्याद्याची सावली बाकीच्यांपेक्षा जरा आखूड पडली. वजनकाट्यावर ठेवलं. सात प्यादी १४ ते १५ ग्रॅमची, हे मात्र ९ ग्रॅमचं. गळ्याखालची कडीसुद्धा वेगळी, बाकीच्यांना दुहेरी, याला एकच. कुणीतरी कधीतरी हरवलेल्या प्याद्याच्या जागी दुसऱ्या संचातलं बसवून ३२चा आकडा पुरा केला होता.

विकणाऱ्यावर राग धरला नाही. त्यालाही ठाऊक नसावं. चूक माझीच. मोहरे मोजण्याने काही कळत नाही. आता कुठलाही जुना संच घ्यायचा झाला की मी चार फोटो मागते: सगळे मोहरे उलटे ठेवून बूड दिसतील असा एक, प्यादी ओळीत उभी असलेला एक, चारही घोडे दोन्ही बाजूंनी, आणि दोन्ही राजांच्या डोक्यावरचा क्रॉस अगदी जवळून. क्रॉस आणि घोड्याचे कान हे आधी मोडतात, म्हणून दुरुस्ती झाली असेल तर बहुधा तिथेच सापडते. एका राजाचा क्रॉस दुसऱ्यापेक्षा जाड दिसला, की एक नंतर कातलेला असण्याची शक्यता धरायची.

पेटी दाखवल्यावर प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच: जेक्सचा आहे का? नाही, किंवा निदान तसं म्हणायला माझ्याकडे आधार नाही. हा घाट नॅथॅनियल कुक यांच्या नावाने १ मार्च १८४९ रोजी नोंदवला गेला आणि लंडनच्या जेक्स कंपनीने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तो बाजारात आणला. हॉवर्ड स्टाँटन हा त्या काळचा नावाजलेला खेळाडू. त्याने दिलं ते नाव आणि पेटीवरच्या चिठ्ठीसाठी सही. घाट त्याने घडवलेला नव्हता. जेक्सच्या जुन्या संचांत राजाच्या बाजूच्या हत्तीवर आणि घोड्यावर मुकुटाचा बारीक शिक्का असतो. त्याला कारण आहे. तेव्हाच्या नोंदपद्धतीत ‘राजाचा घोडा’, ‘वजिराचा हत्ती’ असं लिहीत. दोन्ही घोडे दिसायला सारखेच, मग डाव रंगात आल्यावर राजाचा घोडा ओळखायचा कसा? म्हणून शिक्का. माझ्या पेटीत शिक्का नाही, चिठ्ठी नाही, राजाच्या बुडाशी नाव नाही. त्यामुळे माझ्या वहीत ‘स्टाँटन घाट, निनावी’ एवढंच लिहिलंय. जुनी बॉक्सवुडची पेटी दिसली की तिला जेक्स म्हणायची जी सवय आपल्या मंडळींत आहे, तिचा मला वैताग येतो.

निनावी असला तरी घोडे सुरेख आहेत. राजा, वजीर, उंट, हत्ती, प्यादं हे सगळं मुळात कातकाम, लेथवर उतरतं. घोडा हाताने कोरावा लागतो. नाकपुडी, आयाळीच्या रेघा, जबड्याखालची खोबण, सगळं छिन्नीचं काम. म्हणून संचाची खरी किंमत घोड्यात असते आणि स्वस्तात काम उरकणारा कारागीरही पहिला हात घोड्यावरच आखडतो. स्टाँटन घोड्याचं डोकं अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराच्या शिल्पांतल्या घोड्यांवरून घेतलं असं संग्राहकांत मानतात. ब्रिटिश म्युझियममधल्या, पार्थेनॉनवरून आणलेल्या सेलेनीच्या (ग्रीकांची चंद्रदेवता) घोड्याचा फोटो शेजारी ठेवून पाहा, ते फुगलेलं नाक आणि ताणलेली मान बघून पटतं.

जाता जाता एक गंमत. आपण ज्याला हत्ती म्हणतो तो या संचांत चक्क किल्ल्याचा बुरूज आहे, आणि ज्याला उंट म्हणतो त्याच्या डोक्यावर बिशपची फट असलेली टोपी. आयुष्यभर बुरुजाला हत्ती म्हणत खेळले आणि कधी खटकलं नाही. सोंडेचे हत्ती खरोखर कोरलेले दिसले ते ‘जॉन कंपनी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बंगालच्या हस्तिदंती संचांच्या चित्रांत: एका बाजूला कंपनीची फौज, दुसऱ्या बाजूला हिंदुस्थानी. असे संच मी चित्रांतच बघणार. आशियाई हत्ती १९७५पासून साइटिसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) पहिल्या, सगळ्यांत कडक परिशिष्टात आहे, १९८९मध्ये आफ्रिकी हत्तीही त्यात घेतला गेला. हस्तिदंताचे नियम देशोदेशी वेगळे आणि कडक. हौसेपायी त्यात हात घालू नका.

हस्तिदंत टाळायचं ठरवलं म्हणून हाडाकडे वळले आणि तिथे माती खाल्ली. बार्लीकॉर्न या जुन्या इंग्लिश घाटाचा हाडाचा संच मिळाला, एक बाजू पांढरी, एक लाल. हाड ओळखणं तसं सोपं. भिंगाखाली बारीक काळपट ठिपके आणि रेघोट्या दिसतात, त्या रक्तवाहिन्यांच्या खुणा. हस्तिदंताच्या आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते. (तापलेली सुई टोचून बघा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. परीक्षा होईल न होईल, भोक मात्र कायमचं पडेल.) इतकं सगळं नीट तपासलं आणि मग धूळ पुसायला ओलसर फडकं घेतलं. फडकं गुलाबी झालं. दुसऱ्या मोहऱ्यावर हात थांबला, पण तोवर लाल वजीर एका बाजूने फिकट झाला होता. जुने लाल रंग पाण्याने सुटतात आणि उजेडाने उडतात. आता कोरडा मऊ ब्रश, आणि संच खिडकीपासून लांब. वजिराची फिकट बाजू मी भिंतीकडे करून ठेवते. पाहुण्यांना कळत नाही, मला रोज कळतं.

तिसरा, प्लॅस्टिकचा. हसू नका. राजा ९.५ सेंटीमीटर, बुडात वजन, गुंडाळता येणारा पट. फिडेच्या (जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या) मापांत राजाची उंची ९.५ सेंटीमीटरच्या आसपास धरलेली आहे आणि बुडाचा व्यास उंचीच्या ४० ते ५० टक्के. हा स्वस्त संच त्यात नीट बसतो. मोहरा बोटाने तिरका करून सोडला की डुलून परत उभा राहतो. माझ्या दोन महागड्या लाकडी संचांतले उंट याच परीक्षेत आडवे होतात. नव्याने जमवायला सुरुवात करणाऱ्याला माझा सल्ला हाच: पहिला संच असा घ्या आणि त्यावर दोनशे डाव खेळा. हाताला तोल कळला की मग लाकूड घ्या.

वजनाचा विषय निघालाच आहे, तर शिशाबद्दल. जुन्या एका हत्तीचं बूड चिरलेलं दिसलं म्हणून खालची बनात अलगद सोडवली. आत पांढरी भुकटी. लाकडातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिसं गंजतं, गंजलं की फुगतं आणि लाकूड आतून फाडतं. ती भुकटी विषारी आहे. हातमोजे घाला, फुंकर मारू नका, सँडपेपर तर अजिबात नको. मी तो हत्ती डबीत बंद करून ठेवलाय. दुरुस्ती जमेल असं वाटत नाही.

मधल्या काळात एक नियम करून घेतला: कपाटात आलेला प्रत्येक संच निदान एकदा कुणाला तरी खेळायला द्यायचा. दुब्रोव्निकची नक्कल दिली तेव्हा मजा झाली. मूळ संच १९५०मध्ये युगोस्लाव्हियातल्या दुब्रोव्निक शहरी झालेल्या बुद्धिबळ ऑलिम्पियाडसाठी घडवलेला. त्यात काळ्या उंटाच्या डोक्यावर पांढरा मणी आणि पांढऱ्याच्या डोक्यावर काळा. समोरच्याने दोनदा माझ्या उंटाला हात लावला. याउलट बाउहाउस या जर्मन कलाशाळेतल्या योझेफ हार्टविगच्या १९२३-२४च्या घाटाची नक्कल एका अगदी नवशिक्याला दिली. तिथे मोहऱ्याचा आकारच त्याची चाल सांगतो: उंट फुलीसारखा तिरपा, घोडा काटकोनात. दहा मिनिटांत तो न विचारता खेळायला लागला.

आणि प्याद्याचा शोध चालूच होता. लुईसचे मोहरे आठवत होते. १८३१मध्ये स्कॉटलंडच्या लुईस बेटावर सापडलेला, वॉलरसच्या दातात कोरलेला तो साठाही अपुराच आहे. त्यातला म्हणून ओळखला गेलेला एक पहारेकरी, म्हणजे तिथला हत्ती, १९६४मध्ये एका व्यापाऱ्याने ५ पौंडांना घेतला होता. पुढे तो त्याच्या घरच्यांच्या खणात पडून राहिला आणि २०१९मध्ये लिलावात ७,३५,००० पौंडांना गेला. माझं प्यादं एवढं नशीबवान नसलं तरी कुणाच्या तरी खणात असणारच, असं मी स्वतःला सांगत होते.

ते खणात नव्हतं, डब्यात होतं. माझ्यासारखाच एक जण सुट्या, बेवारशी मोहऱ्यांचा डबा बाळगून आहे. मी बुडाचा व्यास, उंची, वजन आणि कडीचा फोटो पाठवला. त्याने पाच प्यादी पट्टीशेजारी ठेवून फोटो पाठवले. चौथं जुळलं. दुहेरी कडी, १४ ग्रॅम, उंचीत अर्ध्या मिलिमीटरचाही फरक नाही. बदल्यात त्याच्या अर्धवट संचाला माझ्या डब्यातले दोन काळे घोडे गेले. पैशांचा विषय दोघांनीही काढला नाही.

फक्त रंग जुळेना. बाकीची सात मधासारखी पिवळी, हे फिकट. पॉलिश चढवून सारखं करता आलं असतं, पण जुन्या लाकडावर नवा रंग थापायला मन धजावलं नाही. बॉक्सवुड उजेडाने सावकाश गडद होतं, म्हणून दीड महिना खिडकीत ठेवलं. अजूनही ओळखू येतं, पण आता शोधावं लागतं.

गेल्या रविवारी डबेवाला संग्राहक स्वतः खेळायला आला. फिकट प्यादं मुद्दाम राजाच्या उंटापुढे मांडलं. राजाचं प्यादं दोन घरं पुढे, त्याचंही तसंच. दुसऱ्या खेळीला मी किंग्ज गँबिट खेळले, म्हणजे राजाच्या उंटापुढचं प्यादं आपणहून मारायला देण्याची सुरुवात, आणि सात महिने शोधलेलं प्यादं दोन घरं पुढे ढकललं. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा प्याद्याकडे, आणि ते मारून आपल्या बाजूला उभं करून ठेवलं. डाव मी २६व्या खेळीला हरले.