११०० आरपीएमची भुणभुण

एकाच मॉडेलचे दोन नमुने टेबलावर होते. संगणकाच्या प्रोसेसरवर बसवायचा टॉवर कूलर: १४० मिलिमीटरचा एक फॅन, उष्णता वर वाहून नेणाऱ्या सहा हीटपाइप, निकेलचा मुलामा दिलेला तांब्याचा तळ. आम्ही तपासणीसाठी कंपन्यांकडून एकच नमुना कधी घेत नाही. पारखून, निवडून पाठवलेल्या एकुलत्या एका कूलरवरून फक्त कंपनीची निवड चांगली आहे एवढंच कळतं. पहिल्या नमुन्याचे आकडे छान आले होते, दुसऱ्याचेही. अहवालाचा मसुदा जवळजवळ तयार होता आणि त्या संध्याकाळी आवाजाची उरलेली मोजणी तेवढी उरकायची होती.

ही मोजणी संध्याकाळनंतरच करायची, कारण तेव्हा इमारत शांत होते. एसी बंद, दिवेसुद्धा बंद, कारण काही दिव्यांचे चोक बारीक गुणगुणतात. खोली पूर्ण शांत झाली की मीटर १८ डेसिबलच्या आसपास स्थिरावतो. ही शांतता का हवी, तर कूलर चालू असताना आणि बंद असताना यांत तीन डेसिबलचाही फरक नसेल तर आपण कूलर मोजत नसून खोली मोजत असतो. प्रोसेसरही आम्ही ठेवत नाही. त्याच्या जागी तांब्याचा ठोकळा, त्यात तापणाऱ्या कांड्या. वीजपुरवठा आणि फॅनचा कंट्रोलर भिंतीपलीकडे. मोजणीआधी माइकवर कॅलिब्रेटर बसवायचा, तो १००० हर्ट्झचा ९४ डेसिबलचा सूर देतो, मीटरनं तोच आकडा दाखवला की पुढे जायचं.

फॅनच्या वेगाच्या पायऱ्याही ठरलेल्या: ६००, ८००, १०००, १२०० आरपीएम, म्हणजे मिनिटाला इतक्या फेऱ्या, आणि मग पूर्ण वेग. प्रत्येक पायरीवर फॅन स्थिरावू द्यायचा आणि सरासरी घ्यायची. कूलरच्या खोक्यावर छापलेला आवाजाचा आकडा बहुतेकदा नुसत्या फॅनचा असतो, समोर काहीही अडथळा न ठेवता मोजलेला. हीटसिंक, म्हणजे उष्णता सोडणाऱ्या पत्र्यांचा टॉवर, पुढे आला की हवेला अडखळत जावं लागतं आणि आवाजाचा पोत बदलतो. म्हणून तो आकडा मी वाचतच नाही.

दुसऱ्या नमुन्याच्या सगळ्या पायऱ्या झाल्या. पहिल्यापेक्षा फरक म्हणावा तर कुठे पाव, कुठे अर्धा डेसिबल. मी नोंदी करत होते. नुकताच रुजू झालेला सहकारी फॅन बंद करायला गेला आणि त्यानं स्विच दाबण्याऐवजी कंट्रोलरची खुंटी हळूहळू उलटी फिरवली. दाराशी पोचल्यावर थांबला.

“मॅडम, हे ऐकलंत?”

“काय?”

“मध्येच काहीतरी भुणभुणलं. आता गेलं.”

त्यानं खुंटी परत वर नेली. ११०० च्या आसपास आला तो आवाज: काचेच्या बरणीत अडकलेल्या माशीसारखा. १००० वर नाही, १२०० वरही नाही. आमच्या दोन पायऱ्यांच्या बरोबर मधे. पण त्याहून चमत्कारिक गोष्ट पुढे होती. मी माइकपाशी वाकले तर आवाज जवळजवळ नाहीसा, दाराशी गेले की पुन्हा स्पष्ट. मीटर तर ११०० वरही तोंड वाकडं करायला तयार नव्हता. आकडा जेमतेम वर सरकला, दोन नमुन्यांत एरवीही पडतो तेवढाच.

मग स्पेक्ट्रम, म्हणजे कोणता सूर किती मोठा हे दाखवणारा आलेख, उघडला. नुसता एक आकडा पाहिला की फॅनचा सगळा आवाज एका गाठोड्यात बांधला जातो. स्पेक्ट्रममध्ये गाठोडं सुटतं. या फॅनला सात पाती. ११०० आरपीएम म्हणजे सेकंदाला साधारण १८.३ फेऱ्या, त्याला सातानं गुणलं की १२८ हर्ट्झ. पाती हवेला सेकंदाला इतके वेळा ढकलतात, आणि तो उंचवटा प्रत्येक फॅनमध्ये दिसतोच. इथे मात्र त्याच्या दुप्पट जागी, २५७ हर्ट्झवर, एक बारीक सुळका उभा होता. पहिल्या नमुन्यात त्या जागी जवळजवळ सपाट जमीन.

मीटर गप्प का, याला दोन कारणं. पहिलं म्हणजे आपण नेहमी वापरतो ती डीबीए मोजपट्टी. माणसाचा कान खालच्या सुरांना कमी दाद देतो म्हणून ती पट्टी ते सूर कापून मोजते: २५० हर्ट्झला जवळपास साडेआठ डेसिबल, १२५ ला सोळा. कानाच्या बाबतीत हे बऱ्याच अंशी खरं आहे, पण एकसुरी भुणभुण माणसाला किती छळते याचा हिशेब त्या पट्टीत नाही. फॅनचा मोकळा सूं सूं आवाज दहा मिनिटांत कानाआड होतो. भुणभुण होत नाही.

दुसरं कारण आमची खोली. भिंतींवर फोमचे टोकदार ठोकळे आहेत, ३० सेंटिमीटर जाडीचे. असे ठोकळे त्यांच्या जाडीच्या चौपट लांबीच्या लहरीपर्यंत नीट काम करतात, म्हणजे आमच्याकडे साधारण २८० हर्ट्झच्या वरच. २५७ चा सूर त्याच्या जरासा खाली येतो. तो भिंतीवरून परततो, स्वतःलाच भेटतो, कुठे दुणावतो तर कुठे मरतो. माइक नेमका मरणाऱ्या जागी उभा होता. स्टँड एक फूटभर सरकवला तर सुळका सात-आठ डेसिबलनं उंचावला. नवा गडी दाराशी उभा नसता तर ही मोजणी मुकाट्यानं पुढे गेली असती.

पण भुणभुणतंय काय? फॅनच खराब असेल म्हणून दोन्ही नमुन्यांचे फॅन अदलाबदल केले. आवाज फॅनबरोबर गेला नाही, हीटसिंकपाशीच राहिला. फॅनची थरथर क्लिपांमधून फिन्समध्ये, म्हणजे टॉवरच्या पातळ पत्र्यांमध्ये, उतरत असेल, ही पुढची शंका. रबराच्या कोपऱ्यांवर कंपन्या फार बोलतात ते याचसाठी. आम्ही फॅन क्लिपांतून सोडवला आणि इलॅस्टिकवर लोंबकळत ठेवला, हीटसिंकपासून तेवढ्याच अंतरावर, पण कुठेही न टेकवता. भुणभुण किंचित मंदावली, थांबली नाही. म्हणजे थरथर धातूतून जात नव्हती, हवेचे ठोकेच काहीतरी हलवत होते.

त्यानंतरचं काम साधं होतं आणि मला या नोकरीत सगळ्यात आवडतं तेच. लाकडी काडी घेतली आणि टॉवरच्या एकेका फिनच्या कडेला हलकेच टेकवत खालून वर गेले. काही नाही, काही नाही, काही नाही. वरून तिसऱ्या फिनच्या उजव्या मागच्या कोपऱ्याला काडी लागली आणि आवाज कापल्यासारखा थांबला. काडी उचलली, पुन्हा सुरू.

टॉवर भिंगाखाली धरला. या प्रकारच्या हीटसिंकमध्ये प्रत्येक फिनची कड खाली दुमडलेली असते आणि दुमडीच्या टोकाला बारीक जीभ असते. ती खालच्या फिनच्या खाचेत दुमडून अडकते, म्हणून पन्नासेक पत्रे मिळून एक घट्ट ठोकळा बनतो. त्या कोपऱ्याची जीभ सरळच होती. खाचेसमोर लटकत होती, आत गेलेली नव्हती. सगळ्यात बाहेरच्या हीटपाइपपासून साडेतीन सेंटिमीटर पत्रा अधांतरी, जाडी ०.४ मिलिमीटर. ॲल्युमिनियमच्या एवढ्या पट्टीचा स्वतःचा सूर काढला तर अंदाजे २६० ते २७० हर्ट्झ येतो. पात्यांच्या ठोक्यांचा दुसरा सूर ११०० वर तिथे पोचत होता, १००० वर खाली राहत होता आणि १२०० वर पुढे निघून जात होता.

तापमानात याचा मागमूस नव्हता. एका फिनचा एक कोपरा सुटल्यानं काय फरक पडणार? तळ मी पट्टी आणि दिव्यानं आधीच तपासला होता, प्रोसेसर आणि तळ यांच्यामध्ये लावायच्या पेस्टचा ठसा दोन्हीकडे सारखा उमटला होता, स्प्रिंगचे स्क्रू शेवटपर्यंत नीट बसत होते. तळाची आरशासारखी चकाकी पाहून लोक खूश होतात, तिला मी शून्य गुण देते. तळ सपाट आणि नीट दाबला गेला पाहिजे, बारीक ओरखडे पेस्ट भरून काढते. सांगायचं असं की घडणीच्या रकान्यात हा नमुना पास होता, आवाजाच्या रकान्यातही पास.

दुसऱ्या दिवशी प्रमुखांशी बोलणं झालं.

“अहो, एका कोपऱ्यासाठी अख्खं मॉडेल नापास करायचं का?”

“नापास नको, सर. पण दोन्ही नमुन्यांचा ६०० पासून पूर्ण वेगापर्यंतचा सलग आलेख छापू या. एक गुळगुळीत, एकाला सुळका. वाचणारा ठरवेल.”

त्यांना ते पटलं, फक्त आधी कंपनीला कळवा म्हणाले. कळवलं. उत्तर लगेच आलं: वाहतुकीत धक्का बसून जीभ निसटली असावी, बदली नमुना पाठवतो. खोक्याला कुठे पोचा नव्हता, आतला फोमही शाबूत होता, पण हे सगळं वादाचं. वादाचं नव्हतं ते भिंगाखाली दिसत होतं. ॲल्युमिनियमचा पत्रा एकदा दुमडला आणि पुन्हा उघडला तर घडीवर पांढरट रेघ राहते. शेजारची जीभ मी मुद्दाम चिमट्यानं उघडून पाहिली, तिथे रेघ होती. आमच्या जिभेवर नव्हती. ती निसटलेली नव्हती, कधी दुमडलीच गेली नव्हती.

बदली नमुना आला तेव्हा नव्या सहकाऱ्यानं फॅन बसवायच्या आधीच फिन्सवरून नख फिरवलं आणि कान लावला. मग सलग वेगानं चालवला. ११०० वर शांत. १३५० च्या पुढे अगदी पुसट गुणगुण, दिवसा ऐकूही आली नसती. जीभ यावेळी अर्धी दुमडलेली होती. वरून चौथी फिन, पण कोपरा तोच, उजवा मागचा.

दोन्ही कोपऱ्यांचे फोटो शेजारी ठेवून पाठवले. पुढच्या उत्तरात वाहतुकीचा उल्लेख नव्हता. दोन्ही खोक्यांवरचे बॅच क्रमांक कळवा, एवढंच त्यांनी विचारलं होतं.