टाटुराच्या माळावरचे कॅम्प आणि भुसावळहून गेलेली लाइन

ऑस्ट्रेलिया म्हटलं की आपल्याकडे क्रिकेट, कांगारू आणि ज्यांची पोरं तिकडे आहेत त्यांच्याकडे पीआरच्या (तिथे कायम राहायच्या परवान्याच्या) गप्पा, बाकी काही नाही. पण तिथल्या खेड्यापाड्यात दुसऱ्या महायुद्धातले कैद्यांचे कॅम्प होते, हजारो माणसं काटेरी तारेच्या आत वर्षानुवर्षं राहिली, आणि त्यांच्या खुणा आजही शेतात सापडतात. हे बघून आल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितोय.

माझी ताई शेपर्टनला असते. मेलबर्नच्या उत्तरेला, सगळा बागायती पट्टा, नाशपाती, पीच, दुधाच्या गायी, आणि सगळीकडे कॅनॉल. आम्ही पाचोऱ्याकडचे, गिरणेचं आवर्तन सुटलं की नाही यावर घरातला मूड ठरतो, त्यामुळे तिथे गेल्या गेल्या मी आधी पाटचाऱ्याच बघत बसलो. जिजाजी म्हणाले चला तुम्हाला आवडेल असं म्युझियम दाखवतो, आणि टाटुराला घेऊन गेले. छोटं गाव. म्युझियम एकाच वेळी इरिगेशनचं आणि युद्धातल्या कॅम्पांचं! आधी वाटलं हे काय कॉम्बिनेशन, मग लक्षात आलं की दोन्हींचं कारण एकच, पाणी. समुद्रापासून लांब, जवळ रेल्वे, वारंगा बेसिनसारखं मोठं धरण, भाजीपाला आणि दूध मुबलक, म्हणून सरकारने टाटुरा, रशवर्थ, मर्चिसन या भागात एकापाठोपाठ एक कॅम्प उभे केले.

आणि आत कोण होते ते ऐका. टाटुराच्या ३ नंबर कॅम्पात जर्मन कुटुंबं होती, पण जर्मनीहून आलेली नाही, तर पॅलेस्टाइनमध्ये दोन-तीन पिढ्यांपासून शेती-धंदा करणारी टेम्पलर या जर्मन ख्रिस्ती पंथाची माणसं, ब्रिटिशांनी १९४१ मध्ये उचलून बायकापोरांसकट इथे आणून टाकली. ४ नंबरमध्ये जपानी कुटुंबं. डुनेरा नावाच्या जहाजातून १९४० मध्ये आलेल्यांची गोष्ट तर अजून वाईट, साधारण दोन हजार ज्यू लोक, हिटलरपासून जीव वाचवून इंग्लंडला पळालेले, पण पासपोर्ट जर्मन किंवा ऑस्ट्रियन म्हणून शत्रू ठरले आणि थेट न्यू साउथ वेल्स राज्यातल्या 'हे' (Hay) नावाच्या गावाजवळच्या उजाड मैदानात तारेच्या आत. त्यातले बरेच पुढे टाटुराला आणले. या लोकांनी तारेच्या आतच कॉलेज चालवलं, ज्याला जे येतं ते त्याने शिकवायचं. हे वाचताना मला धुळ्याचा जेल आठवला, १९३२ मध्ये विनोबा तिथे दर रविवारी गीतेवर बोलायचे आणि साने गुरुजी समोर बसून लिहून घ्यायचे. कोंडलेला माणूस शिकणं-शिकवणं सोडत नाही, इकडे काय आणि तिकडे काय.

म्युझियमच्या काचेच्या कपाटात कैद्यांनी केलेल्या वस्तू आहेत. मी एका लाकडी खेळण्यापाशी बराच वेळ उभा होतो, खोक्याच्या फळीचं असावं, कडा इतक्या घासून गुळगुळीत केलेल्या की लहान मुलाच्या हाताला कुसळ लागू नये. कुणा बापाने केलं असेल, किती दिवस घासत बसला असेल.

प्रत्यक्ष कॅम्पांच्या जागी मात्र फार काही नाही. पत्र्याच्या बराकी युद्धानंतर लिलावात गेल्या. उरलंय काय तर सिमेंटचे ओटे, मोडक्या भिंती, गवतात बुडालेले पाये, मधून मेंढ्या चरतात. आपल्याला सांगितलं नाही तर जुना गोठा समजून पुढे निघून जाऊ.

मला सगळ्यात जास्त भिडलं ते मर्चिसन. तिथल्या १३ नंबर कॅम्पात सुमारे ४ हजार युद्धकैदी होते, त्यात इटालियन खूप. जे इथे वारले ते गावाच्या स्मशानात पुरले. १९५६ च्या पुरात त्या कबरींची नासधूस झाली. तेव्हा जवळच्या कायाब्रमला राहणाऱ्या एका इटालियन माणसाने पुढाकार घेतला, भागातल्या इटालियन घरांतून वर्गणी गोळा केली आणि १९६१ मध्ये छोटं देवळासारखं स्मारक उभं राहिलं, आत १३० जणांच्या अस्थी. दर नोव्हेंबरला तिथे आजही प्रार्थना होते. सरकारी योजना नाही काही नाही, लोकवर्गणी! म्हणून मी म्हणतो की खरी खूण तो सिमेंटचा ओटा नाही, ही माणसं आहेत.

न्यू साउथ वेल्समधल्या काउरा गावच्या कॅम्पाचंही तेच. ५ ऑगस्ट १९४४ च्या रात्री तिथल्या हजारावर जपानी कैद्यांनी एकदम तारेवर धाव घेतली, हातात बेसबॉलच्या बॅटी आणि जेवणाच्या सुऱ्या, तारेवर टाकायला घोंगड्या. २३१ जपानी मेले, ४ ऑस्ट्रेलियन सैनिकही. कित्येक जपान्यांनी नावंसुद्धा खोटी सांगितली होती, कारण कैद होणं म्हणजे घराण्याला कलंक, त्यामुळे आज कबरींवर कोरलेली सगळीच नावं खरी नाहीत. आणि त्या कबरी युद्धानंतर साफ कोणी ठेवल्या? त्याच गावातल्या माजी सैनिकांनी. जे जपान्यांशी लढून आले त्यांनीच! पुढे १९६४ मध्ये तिथे रीतसर जपानी युद्ध स्मशानभूमी झाली. मला हे मोठं काम वाटतं, मनापासून.

रात्री नानांना व्हिडिओ कॉलवर हे सगळं सांगत होतो. १९४३ पासून इटालियन कैदी शेतकऱ्यांच्या घरी कामाला ठेवायचे, गार्ड नाही काही नाही, मळ्यातच राहायचं, गडद लाल रंगवलेले कपडे घालायचे म्हणजे लांबून ओळखू यावं, हे सांगितल्यावर नाना म्हणाले, "म्हणजे आपल्या सालदारासारखंच की रे, फक्त पाडव्याला सुटका नाही." मग थोड्या वेळाने विचारलं, "जेवायला कुठे बसवायचे?" मी म्हटलं घराघरावर होतं, काही ठिकाणी कुटुंबाबरोबर टेबलावर, काही ठिकाणी वेगळं. नाना नुसतं हं म्हणाले. युद्ध संपल्यावर त्यांना इटलीला परत पाठवलं, पण काही जण पुढे त्याच मालकाच्या आधारावर बायकापोरं घेऊन परत आले आणि तिथलेच झाले.

आता आपल्या भागाचं. ऑस्ट्रेलियात गेलेल्या इटालियन कैद्यांपैकी हजारो जण आधी भारतात होते. आफ्रिकेत पकडलेले, मग आपल्याकडच्या कॅम्पात. भोपाळजवळ बैरागढला मोठा कॅम्प होता, फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी निर्वासित राहिले. आणि मुंबईहून भोपाळची लाइन कुठून जाते भो? चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ! मर्चिसनच्या त्या १३० मधला एखादा आमच्या स्टेशनवरून गेलाही असेल, भुसावळला गाडी पाण्याला थांबली असेल, हा विचार मनात आला की मला कसंतरी होतं.

म्हणून एक विनंती. भुसावळच्या रेल्वे कॉलनीत, चाळीसगाव-पाचोऱ्याकडे ज्यांच्या घरात नव्वदीतले आजी-आजोबा आहेत, त्यांना एकदा विचारा, लहानपणी गोऱ्या कैद्यांनी भरलेली गाडी पाहिली होती का, किंवा वडिलांकडून ऐकलं होतं का. ते बोलत असतील तसंच मोबाइलवर रेकॉर्ड करा, अहिराणीत बोलले तर अहिराणीतच राहू द्या, आणि मला पाठवा. मी सगळं उतरवून घेतो.