लॉगबुकातले चार स्टॉल

मार्चमधली सकाळ. ऊन तापलं की छोटं सेसना १७२ विमान हेलकावे खायला लागतं, म्हणून आमच्या फ्लाइंग स्कूलच्या सॉर्टी, म्हणजे शिकवणीची उड्डाणं, सहालाच सुरू होतात. त्या दिवशी डाव्या, म्हणजे विद्यार्थ्याच्या सीटवर नवा मुलगा होता; शेजारी मी, त्याची इन्स्ट्रक्टर. दुसऱ्या एका संस्थेतून मध्येच आमच्याकडे आलेला, लॉगबुकात, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीत, १२० तास. कमर्शियल लायसन्सला २०० लागतात, म्हणजे निम्म्याहून जास्त वाट सरलेली. रेडिओवर बोलणं सफाईदार, चेकलिस्ट तोंडपाठ. मला बरं वाटलं.

६ हजार फुटांवर म्हटलं, "आता पूर्ण स्टॉल दाखव." पंखाचा हवेशी कोन फार वाढला की पंखाची उचल तुटते, तो स्टॉल. त्याने थ्रॉटल मागे घेऊन इंजिनाची ताकद कमी केली, नाक उचललं. वेग उतरला, वाऱ्याचा आवाज मंदावला, वॉर्निंगची शिट्टी वाजली आणि त्याने लगेच नाक खाली टाकलं.

"झालं, मॅडम."

"झालं कुठे? ही नुसती सूचना होती. योक पोटाशी येईपर्यंत ओढून धर."

या वेळी त्याने योक, म्हणजे विमानाचं स्टिअरिंग, ओढून धरला. विमान थरथरलं आणि डावा पंख खाली गेला. घाबरून त्याने योक पूर्ण उजवीकडे फिरवला. पंख उचलायला नेहमी तेच करतो आपण. पण स्टॉल झालेल्या पंखावर ते उलटं पडतं. तिथला एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची झडप, खाली वळतो, पंखाचा हवेशी कोन आणखी वाढतो आणि पंख अजूनच खोल जातो. समोरच्या काचेत आभाळाऐवजी नांगरलेलं रान आलं आणि फिरायला लागलं.

"आय हॅव कंट्रोल!" म्हणत मी ताबा घेतला. थ्रॉटल मागे, एलेरॉन मध्यावर, उजव्या पायाने रडर, म्हणजे शेपटीचं सुकाणू, तळापर्यंत, योक पुढे. फिरणं थांबलं. विमान सरळ झालं तेव्हा आठशे फूट उंची गेली होती. उतरताना शेवटच्या वळणावर आपण जेमतेम पाचशे फुटांवर असतो, आणि हा मुलगा कित्येक तास एकटा उडून आला होता.

खाली आल्यावर मी त्याचं जुनं ट्रेनिंग रेकॉर्ड उघडलं. स्टॉलसमोर चार वेळा 'समाधानकारक'.

"तिकडे शिट्टी वाजली की सर म्हणायचे, चल, सर्किटला," तो खाली बघत म्हणाला. सर्किट म्हणजे धावपट्टीभोवतीची फेरी.

त्या सरांचा मला फार राग आला. पण त्यांना तरी कोणी थांबून शिकवू दिलं असेल? आपल्याकडे कित्येक इन्स्ट्रक्टर स्वतःच बावीस-तेवीस वर्षांचे, तास जमवायला आलेले. २०२३मध्ये इंडिगोने ५०० आणि एअर इंडियाने ४७० विमानांची ऑर्डर दिली. एअरलाइनचं बोलावणं आलं की शिकवणारा निघतो. पावसाळ्यात उड्डाणं रखडतात, मग कोरड्या महिन्यांत तासांमागे धाव. १०० तास पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन, त्यात २० क्रॉस-कंट्री, म्हणजे लांबच्या प्रवासाचे, हे रकाने भरले की नाही ते कोणालाही मोजता येतं. पंख पडल्यावर पाय हलतो का, हे मात्र शेजारी बसलेल्यालाच दिसतं, आणि त्याच्या सहीवर सगळं अवलंबून.

मी 'असमाधानकारक' लिहिलं आणि त्याचं सोलो, म्हणजे एकट्याने उडणं, थांबवलं. संध्याकाळी त्याच्या वडिलांचा फोन आला. कर्ज काढून शिकवत होते. "मॅडम, पोराचं काही चुकलं का?"

"नाही काका. शिकवणाऱ्यांचं चुकलं. अजून तीन-चार तास लागतील."

बराच वेळ पलीकडून आवाज नव्हता. मग म्हणाले, "लागू द्या."

दुसऱ्या दिवशी आधी बूट बदलायला लावले. जाड तळव्याच्या स्पोर्ट्स शूजमधून त्याला रडर जाणवतच नव्हता. खुर्चीसमोर दोन विटा ठेवून, हात मांडीवर, नुसत्या पायांचा सराव. मी पुठ्ठ्याचं विमान तिरकं करायचे, तो उलट्या बाजूची वीट दाबायचा. मग हवेत फॉलिंग लीफ: योक मागे धरून विमान स्टॉलमध्येच ठेवायचं आणि पंख फक्त रडरने सांभाळायचे. पहिल्या दिवशी त्याला उलटी झाली.

तिसऱ्या सॉर्टीला मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. नजर खाली, कॅनव्हासच्या बुटांवर. विमान थरथरलं, डावा पंख पडला. योक जागचा हलला नाही. उजवा बूट पुढे सरकला, पंख सावरला, मग नाक खाली, मग पॉवर. उंची गेली दीडशे फूट.

"मॅडम, परत करू?" त्याने स्वतःहून विचारलं.