मैद्याची खळ आणि ग्रंथालयवाल्यांचं अधिवेशन

बावीस वर्षं झाली मला वाचनालयात. सरकारी अनुदानाच्या दर्जात आमचं तालुका ब वर्ग. ग्रंथपाल मी, पुस्तकं देणारी-घेणारी मी, आणि शिपाई रजेवर असला की झाडूपण माझ्याच हातात. पण राज्यपातळीच्या अधिवेशनाला कधी गेले नव्हते, दरवेळी अध्यक्ष आणि कार्यवाह जायचे, येताना एक स्मरणिका आणि एक झोळी आणायचे, त्यातल्या दोन झोळ्या माझ्या घरी कांदे-बटाट्याला आहेत. यंदा कार्यवाहांचा गुडघा धरला म्हणून म्हणाले, ताई तुम्हीच जाऊन या. एसटीला बायकांना अर्धं तिकीट आहे त्यामुळे खर्च लगेच मंजूर झाला हेही सांगून टाकते.

उतरायची सोय एका मंगल कार्यालयात. खोलीत आम्ही अकरा जणी आणि बादली एक. पहाटे साडेचारला जी बादलीपाशी ओळख झाली ती तीन दिवस पुरली.

सकाळी ग्रंथदिंडी, लेझीम, पालखीत ग्रंथ, सगळं छान. पाहुणे दीड तास उशिरा. मग भाषणं, आणि भाषणात रंगनाथन येणारच, भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक. मूळचे गणिताचे मास्तर, 1924 ला मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि 1931 मध्ये त्यांनी ती पाच सूत्रं मांडली जी आम्ही सगळ्यांनी ग्रंथपालनाच्या कोर्सला घोकलेली असतात. पाचवं सूत्र, ग्रंथालय ही वाढती संस्था आहे. वक्ते हे अगदी हात पसरून सांगत होते तर माझ्या शेजारचे कोल्हापूरकडचे काका हळूच म्हणाले, "वाढतंय हो, पण भिंत कुठं सरकतीय." मला इतकं हसू आलं की पुढच्या रांगेतल्या मॅडमनी वळून बघितलं. आमच्याकडे गेल्या वर्षीपासून नवीन पुस्तकं खिडकीच्या कट्ट्यावर आहेत, खिडकी उघडता येत नाही.

रत्नागिरीचं वाचनालय 1828 चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 चं, ही नावं मी नुसती पुस्तकात वाचलेली. त्यांच्यापुढे आमचं 1958 चं म्हणजे परवा लग्न होऊन आलेली सून.

दुपारी वर्गीकरणावर सत्र होतं. ड्युई पद्धतीत, म्हणजे पुस्तकांना विषयवार आकडे द्यायच्या पद्धतीत, इंग्रजी साहित्याला 820 चं अख्खं घर आणि मराठी साहित्य 891.46, म्हणजे आपला सगळा संसार दशांश चिन्हाच्या पलीकडे. कादंबरी 891.463. आता माझ्याकडे कपाटांमागून कपाटं कादंबऱ्याच, प्रत्येकीच्या पाठीवर तोच आकडा लिहून मी शोधू काय? मी लेखकाच्या आडनावाने लावते आणि इतकी वर्षं मला वाटायचं की हे आपलं अडाणी काम आहे, तपासणीला कोणी आलं की पोटात गोळा यायचा. तिथे एका सरांनी हात वर करायला लावले, आडनावाने कोण लावतं? निम्म्याहून जास्त सभागृह. मीपण केला वर, आधी अर्धा मग पूर्ण.

संगणकीकरणाच्या सत्रात तर दुखणंच बाहेर आलं. ई-ग्रंथालय हे सॉफ्टवेअर एनआयसीचं, म्हणजे केंद्र सरकारच्या संगणक खात्याचं, फुकट आहे, चांगलं आहे, पण आमची दाखल नोंदवही, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद, कुणी पंधरा वर्षांपूर्वी श्रीलिपी या जुन्या फॉन्टमध्ये टाईप करून ठेवलीय, ती आताच्या युनिकोडमध्ये नेली की अक्षरांचा नुसता चिखल दिसतो. मला वाटलं हे आमच्याच मशीनला झालंय. सात-आठ जण उठले तेच सांगायला. उत्तर एकच, कन्व्हर्टरने फिरवा आणि मग एकेक ओळ डोळ्याने तपासा. म्हणजे परत आम्हीच.

शेवटी ठराव. 2022 ला वाचनालयांच्या सरकारी अनुदानात 60 टक्के वाढ झाली, ती बरीच वर्षं मागून मिळाली हे खरं, पण त्या अनुदानातूनच आमचा पगार निघायचा असल्यावर महिन्याला हातात काय पडतं ते इथे लिहीत नाही, लाज मला नाही वाटत पण माझ्या मुलाला वाटते. आम्हा कर्मचाऱ्यांना वेतनश्रेणी द्या हा ठराव हात वर करून मंजूर. तो दरवर्षी मंजूर होतो असं काका म्हणाले.

पण मी खरी शिकले ती रात्री, गादीवर बसून. आमच्या खोलीत कोकणातल्या एक ताई होत्या, साठीच्या आसपास. त्यांच्याकडे पावसाळ्यात पुस्तकं ओली चिंब नसतात पण कोरडीपण नसतात, म्हणाल्या. त्यांनी मला पुस्तकं चिकटवायची खळ सांगितली. मैदा आधी गार पाण्यात कालवायचा, गुठळी राहता कामा नये, मग मंद आचेवर सतत ढवळायचं, रंग पांढऱ्याचा काचेसारखा झाला की उतरवायचं आणि चिमूटभर मोरचूद टाकायचं म्हणजे झुरळं खळ खायला येत नाहीत. मोरचूद विषारी, त्या भांड्यात परत स्वयंपाक नाही. पुस्तकाच्या पाठीवर जुन्या धोतराची पट्टी, वर खळ, आणि रात्रभर वजनाखाली. सेलोटेप लावलात तर याद राखा, म्हणाल्या, दोन वर्षांत पिवळी पडते आणि जाताना अक्षरं घेऊन जाते. मी अपराध्यासारखी गप्प. आमच्याकडे अर्धा बालविभाग सेलोटेपवर उभा आहे.

मग कुणाचं काय हरवलंय यावर गाडी आली. मी म्हटलं आमच्याकडे एका दोन भागांच्या कादंबरीचा नुसता दुसरा भाग आहे, पहिला एका मास्तरांनी नेला ते वारले. नाव सांगितल्यावर ताई उठूनच बसल्या. त्यांच्याकडे पहिला आहे, दुसरा गायब.

सोमवारी वाचनालय उघडलं तर आमचे एक वाचक आजोबा पायरीवर, तीन दिवसांचे पेपर मागायला. त्यांना पेपर दिले आणि मी स्टोव्हवर मैदा चढवला. पहिली खळ करपली. दुसरी जमली.

ताईंचा परवा फोन आला, आपण एकमेकींना पाठवायचं का, कुणाचा कुणाला? मी अध्यक्षांना विचारलं. ते म्हणाले नोंदवहीत दाखल झालेलं पुस्तक असं देता येत नाही, कार्यकारिणीत विषय ठेवू. बैठक पुढच्या महिन्यात आहे. ताईंच्या अध्यक्षांनीपण हेच सांगितलंय.