घाटातला पाऊण तास

गुरुवार, रात्री पावणेबारा

साडेदहाला दिवा मालवला होता. झोप येईना म्हणून उठून बसलेय. आई आतून दोनदा खोकली. ती जागी असावी, पण विचारणार नाही.

काल मीच पाठवलेला मेल आज चार वेळा वाचला. त्यात खोटं काही नाही. कडक म्हणावा असा शब्दही नाही. 'यापुढे रिपोर्ट पाठवण्याआधी ड्रॉइंगची रिव्हिजन तपासून घ्यावी' एवढंच लिहिलंय. तरी सकाळपासून घास घशाखाली उतरत नाहीये.

चूक माझ्या हाताखालच्या मुलीचीच होती, हे आधी लिहून टाकते. ड्रॉइंगची 'सी' रिव्हिजन, म्हणजे सुधारलेली आवृत्ती, एप्रिलमध्येच आली होती. तिनं तपासणी केली 'बी'वर. बोअरचा, म्हणजे आतल्या भोकाचा, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) 'सी'मध्ये आवळलाय, त्यामुळे आमच्याकडे पास झालेले सहा पीस मुंबईवाल्यांच्या हिशेबानं बाद. मुंबईच्या मीटिंगमध्ये समोरच्या माणसानं काही न बोलता माझा लॅपटॉप स्वतःकडे वळवला, ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या टायटल ब्लॉकमधल्या त्या 'बी'वर बोट ठेवलं आणि लॅपटॉप परत माझ्याकडे फिरवून ठेवला. आवाज चढवला नाही, काही नाही. स्क्रीनवर त्याच्या बोटाचा ठसा राहिला. गाडीत बसल्यावर आधी ओढणीच्या टोकानं मी तो पुसला आणि मग मेल लिहायला घेतला.

अकरा वर्षं झाली दर बुधवारी पुण्याहून मुंबईला जाते. सकाळची सात-पंधराची, संध्याकाळची पाच-दहाची. सकाळी जाताना ऑफिसचे मेल वाचायचे, येताना उत्तरं लिहायची. मांडीवर लॅपटॉप, फोनचं हॉटस्पॉट, शेजारणीला कोपर लागू नये म्हणून अंग चोरून टायपिंग. घरी पोचायच्या आत दिवस संपवून टाकायचा, म्हणजे आईजवळ नीट बसता येतं. एवढं सगळं करून एका अक्षरापायी खाली बघायची वेळ यावी, हे माझ्याच वाट्याला का? काल गाडीत अगदी असंच वाटत होतं. घसा दाटून आला होता. दमलेय हे कुणाला दिसत कसं नाही, असंही वाटत होतं. ते खरंच वाटत होतं, म्हणून इथे लिहिते.

मेल लिहिला. जुनं ड्रॉइंग, नवं ड्रॉइंग आणि तिचा रिपोर्ट, तिन्ही जोडले. म्हणजे पुरावाच जोडला. आणि सीसीमध्ये साहेबांचं नाव घातलं.

नाना कोर्टात टायपिस्ट होते. कागदांच्या मधे कार्बन घालून एका ठोक्यात तीन-चार प्रती काढायचे. शनिवारी घरी आले तरी बोटांच्या पेरांना निळं असायचं. सीसी म्हणजे ती कार्बन कॉपीच. पण नानांची शेवटची प्रत इतकी पुसट यायची की उजेडाकडे धरून वाचावी लागायची. ही पुसट होत नाही. साहेबांना अगदी तिच्याइतकीच ठळक गेली.

बदलापूर सोडल्यावर 'सेंड' दाबलं. गेला नाही. जोडलेल्या फायली सगळ्या मिळून अकरा एमबीच्या. फाइल मेलला जोडली की ती साध्या अक्षरांत बदलून जाते आणि सुमारे एक तृतीयांशानं फुगते, म्हणजे झाले जवळजवळ पंधरा. शिवाय मेलचं असं आहे की अर्धा चढला आणि नेटवर्क गेलं, तर उरलेला अर्धा नंतर जात नाही. पुन्हा पहिल्यापासून चढवावा लागतो. खाली पट्टी पुढे सरके, थांबे, परत शून्यावर येई. नेरळ गेलं, कर्जत आलं.

कर्जतला मागून बँकर, म्हणजे घाटात गाडी ढकलणारी, इंजिनं लागली. वडेवाले खिडकीशी आले, मी घेतला नाही. मग घाट सुरू झाला.

हा घाट मला पाठ आहे. पळसदरी, जांबरुंग, ठाकूरवाडी, नागनाथ, मंकी हिल, खंडाळा. चढ एकास सदतीस, म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की १ फूट वर. १८६३ साली हा मार्ग सुरू झाला, तेव्हापासून कुठलीही गाडी इथे सावकाशच चढते. पाऊस लागला होता. डोंगराच्या अंगावरून पांढऱ्या धारा सुटल्या होत्या आणि एरवी मी असते तशी कालही खिडकीशीच होते. बोगदा आला की काचेत माझा चेहरा दिसायचा, बोगदा संपला की हिरवं. आणि त्या हिरव्याच्या प्रत्येक तुकड्यात फोनवर एखादी काडी यायची, तेवढ्यात तो मेल निघायला बघायचा. पट्टी पाव भरायची, कधी तिसरा हिस्सा. की पुढचा बोगदा.

इथेच माझं अडलंय. मला ते दिसत होतं.

आउटबॉक्समध्ये कंसात एक आकडा होता, '१'. तो मेल अजून माझा होता. उघडून सीसीतलं नाव काढता आलं असतं. ड्राफ्टमध्ये ओढून ठेवता आला असता. काही न करता फोनचं हॉटस्पॉट बंद केलं असतं तरी चाललं असतं. माझ्या घरच्या जीमेलवर पाठवलेला मेल परत घ्यायला जास्तीत जास्त ३० सेकंद मिळतात. मला घाटानं पाऊण तास दिला. आणि त्या पाऊण तासात मी काय केलं, तर मेल जात नाही म्हणून चिडत होते. दोनदा 'सेंड-रिसीव्ह' दाबलं. मग उठून डायनिंग कारमध्ये गेले आणि चहा प्यायले.

चहा चांगला होता. तेही आठवतंय.

जागेवर परत आले तर आकडा गेलेला. लोणावळा आलं होतं.

रात्री घरी आल्यावर त्या मेलचे हेडर उघडून बघितले. आपण ते कधी बघत नाही. मेल ज्या ज्या सर्व्हरवरून जातो, तो तो सर्व्हर आपली एक ओळ वरती चिकटवतो, वेळेसकट. म्हणून ते खालून वर वाचायचे असतात. सगळ्यात खालच्या 'रिसीव्हड'ची वेळ होती १९:३१:०८, पुढे +०५३०. साडेसातला मी कुठे होते ते आठवून बघितलं. कप कचऱ्यात टाकून, दोन्ही बाजूंच्या सीटांना धरत डब्यातून परत येत होते. मेल माझ्या हातून गेलाच नाही, मी जागेवर नसताना गेला. म्हणून वाईट वाटतंय की काय, असं आधी वाटलं. तसं नाही. मी जागेवर असते तरी तो जाऊच दिला असता. पट्टी पूर्ण भरताना बघून मला बरं वाटलं असतं.

तिचं उत्तर ७ वाजून ४२ मिनिटांनी आलं. 'नोटेड मॅडम. सॉरी.' ती तेव्हा बसमध्ये असणार, घरी जाताना. उभी असेल. एका हातात वरचा दांडा, दुसऱ्या हातात फोन. त्या गर्दीत तिनं ते वाचलं, खाली साहेबांचं नाव बघितलं आणि अकरा मिनिटांत उत्तर दिलं. साहेबांचं उत्तर नाही आलं. ते अशा वेळी उत्तर देत नाहीत. लक्षात ठेवतात.

आता जे लिहायचं टाळतेय ते लिहिते. त्या रिपोर्टखाली दोन सह्या आहेत. 'तपासणी करणार' इथे तिची, 'तपासले' इथे माझी. मंगळवारी दुपारी मी तो न उघडता सही केली. आईच्या रिपोर्टसाठी चारला निघायचं होतं. तो विषय आज नको. पण सही माझी आहे आणि मेलमध्ये त्या सहीचा उल्लेख नाही. खोटं काही लिहिलं नाही असं मी वर म्हटलं, ते बरोबर आहे. फक्त एक ओळ कमी आहे. ती ओळ लिहायला मला कर्जत ते लोणावळा एवढा वेळ होता.

माझे पहिले सर आठवतायत सारखे. १९९८ची गोष्ट. ते कोल्हापूरला जात, लॅपटॉपच्या बॅगेत टेलिफोनची वायर गुंडाळलेली. तेव्हा इंटरनेट तासांवर मोजलं जायचं आणि गावाबाहेरून लावायचं तर एसटीडीचे पैसे वेगळे. रात्री अकरानंतर एसटीडी पाव दरात. म्हणून दिवसभर मेल लिहून आउटबॉक्समध्ये साठवायचे आणि अकरा वाजले की हॉटेलच्या फोनची वायर काढून मोडेममध्ये घालायची. सगळे एकदम जायचे, आलेले एकदम उतरायचे, की लगेच लाइन तोडायची. दुसऱ्या दिवशी मी विचारायचे, सर, तो अमक्याचा मेल केलात ना? कधीकधी म्हणायचे, 'लिहिला होता गं, रात्री काढून टाकला.' मला तेव्हा ते वेळ वाया घालवणं वाटायचं. त्यांनी काढून टाकलेल्या मेलांत माझ्याबद्दलचा एखादा असणारच. त्या वर्षी मी काय काय चुका केल्यात ते मला माहीत आहे. त्यातली एकही कधी वरपर्यंत गेली नाही.

आज ऑफिसात ती नेहमीसारखीच होती. मला वाटलं होतं फुरंगटेल, बोलणार नाही. तसं काही नाही. 'मॅडम, चहा सांगू?' म्हणाली. केसात अबोलीचा गजरा होता. 'सी' रिव्हिजनवर पुन्हा मापं घ्यायला दुपारी स्वतःच बसली. बोअर गेज हातात धरून डायलच्या काट्याकडे बघत होती, श्वास रोखून बघतो तसं. तिचा हात चांगला आहे. पीसला गेज घासत नाही, हलकेच झुलवते आणि काटा जिथून परत फिरतो तिथे वाचते. हे तिला मीच शिकवलं, दोन वर्षांपूर्वी. त्या वेळी तिचा हात धरून.

मी तिच्या टेबलापर्यंत गेले. सहीचं बोलायचं होतं. 'किती आलं?' एवढंच विचारलं. तिनं आकडा सांगितला.

चारच्या सुमाराला तिचा मेल आला. विषय साधा, त्या गेजच्या कॅलिब्रेशनची तारीख जवळ आलीय, पाठवू का. एरवी ती खुर्ची वळवून विचारते. आमच्या टेबलांत सहा पावलांचं अंतर आहे. मेलची सुरुवात 'रिस्पेक्टेड मॅडम'. आणि सीसीमध्ये साहेब.

बराच वेळ त्या नावाकडे बघत बसले. मग उत्तर लिहिलं, 'हो, पाठव,' आणि खाली, 'कालच्या रिपोर्टवर माझीही सही आहे, मी बघायला हवं होतं.' सीसीतलं साहेबांचं नाव काढलं आणि पाठवला. ऑफिसच्या नेटवर्कवर एका सेकंदात गेला. सहा पावलांवर तिच्या कॉम्प्युटरचा आवाज ऐकू आला. ती वळली नाही.

तिचं उत्तर आलं. 'थँक यू मॅडम. गेज उद्या पाठवते.' साहेबांचं नाव तिनं परत घातलं होतं.

म्हणजे माझी ती ओळ खाली जोडलेली, साहेबांपर्यंत गेली. पहिल्यांदा अंगावर काटा आला. मेट्रोत नाशिक फाट्यापासून सिव्हिल कोर्टापर्यंत तेच डोक्यात होतं, मुद्दाम केलं असेल का, की नुसतं 'रिप्लाय' दाबून सवयीनं नाव भरलं. तिला विचारण्यासारखं नाही. पण गाडी बदलून नळ स्टॉपला उतरले तेव्हा पाऊस थांबला होता आणि मला एवढं कळत होतं की ती ओळ तिथे जायलाच हवी होती. मी नाव काढून ती ओळ फक्त तिच्यापुरती लिहिली. दोष सगळ्यांसमोर आणि कबुली कानात. तिनं ते सरळ केलं. मुद्दाम असो नाहीतर नसो. यापुढे ती साहेबांना सीसीत ठेवणार, आणि ठेवू दे. तो तिचा हक्क मी काल लोणावळ्याला तिच्या हातात दिला. खुर्ची वळवून विचारणं आता होईल तेव्हा होईल.

साहेबांचं अजून काही नाही.

बुधवारची तिकिटं मघाशी काढली, दोन. नवीन मापं जिनं घेतली तिनंच तिथे दाखवावीत. येताना तिला खिडकी देईन. उद्या टेबलापर्यंत जाऊन सांगायचंय. आज दुपारी सहा पावलं चालून गेले होते आणि 'किती आलं' विचारून परत आले होते. उद्या पुन्हा जाते.

आई परत खोकली. पाणी देऊन येते.