डिकीवर सायकली बांधून दिवेआगर–श्रीवर्धन: घाट, जेट्टी आणि पट्ट्यांबद्दल थोडं

जानेवारीतल्या एका शुक्रवारी पहाटे साडेपाचला आम्ही कोथरूडहून निघालो. मी, नवरा, तेरा वर्षांची लेक आणि तीन सायकली. दिवेआगरहून शेखाडीमार्गे श्रीवर्धनला जाणारा समुद्राकाठचा रस्ता लेकीला सायकलवरून दाखवायचा, एवढाच बेत होता. पण तिथवर सायकली न्यायच्या कशा, या एका प्रश्नात पंधरा दिवस गेले. माहिती शोधली तेव्हा रॅकच्या किमती आणि फोटो ढिगाने मिळाले. घाटात काय होतं, गतिरोधकांवर काय होतं, जेट्टीवर, म्हणजे गाड्या खाडीपार नेणाऱ्या फेरीबोटीवर, गाडी चढवताना काय होतं, हे मात्र कुणी सांगेना. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमची गाडी साधी हॅचबॅक आहे. आधी टपावरच्या रॅकचा विचार केला. सायकल टपावर उभी केली की जमिनीपासून उंची अडीच मीटरच्या वर जाते. म्हणजे सोसायटीचं बेसमेंट बंद, आणि कोकणातल्या वाडीत शिरलं की खाली आलेल्या झावळ्या आणि केबलच्या तारा समोर. चार तास गाडी चालवल्यावर डोक्यावर सायकल आहे हे माणूस विसरतो, आणि हॉटेलच्या कमानीखाली नेमकं तेच महागात पडतं. शिवाय छोट्या गाड्यांच्या टपाची वजनाची मर्यादा बहुधा ५० ते ७५ किलो असते आणि त्यात रॅकचं वजनही धरावं लागतं. ज्यांच्या गाडीला टपावर पक्के रेल आहेत आणि सायकल वर चढवायला दोन उंच माणसं आहेत, त्यांनी खुशाल टपच निवडावा. मागची काच आणि नंबरप्लेट मोकळी राहते, हा त्याचा मोठा फायदा. आम्ही डिकीवर पट्ट्यांनी बांधायचा रॅक घेतला.

दुकानात सांगितलं, तीन सायकली आरामात बसतात. रॅकवर मर्यादा ४५ किलो लिहिली होती. आमच्या दोन सायकली १३-१३ किलोच्या आणि लेकीची लोखंडी सायकल १६ किलोची, म्हणजे एकूण ४२. कागदावर बसत होतं, तरी मी अडून बसले. खड्ड्यात चाक आपटतं तेव्हा पट्ट्यांना बसणारा झटका नुसत्या वजनापेक्षा कितीतरी जास्त असतो. त्यात तिसरी सायकल गाडीपासून सगळ्यात लांब लटकते, त्यामुळे ती पट्ट्यांना सगळ्यात जास्त ओढते. शेवटी लेकीच्या सायकलचं पुढचं चाक काढलं, मागची अर्धी सीट आडवी केली आणि जुनी चादर अंथरून ती सायकल आतच ठेवली. तिच्या सायकलला डिस्क ब्रेक आहेत, म्हणून चाक काढल्यावर ब्रेकच्या दोन पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याची घडी सरकवली. हायड्रॉलिक ब्रेक असतील तर हे विसरू नका. चाक नसताना चुकून लिव्हर दाबला गेला की पॅड एकमेकांना चिकटतात, मग चाक परत बसत नाही.

बांधायचं काम आदल्या रात्रीच करा, पहाटे अंधारात नको. रॅकचे पॅड जिथे टेकणार तिथला पत्रा आधी ओल्या फडक्याने पुसायचा, नाहीतर पॅडखाली अडकलेली वाळू रंग खरवडते. हुक पत्र्याच्या कडेलाच अडकवायचे, प्लास्टिकच्या स्पॉयलरला किंवा काचेच्या कडेला नाही. जड सायकल गाडीच्या बाजूला, हलकी बाहेर, आणि दोघींची तोंडं उलट दिशांना. आतल्या बाजूची पेडलं काढून टाकली (डावं पेडल उलट्या आट्याचं असतं, तिथे जोर लावू नका). बाटल्या, सीटखालची पिशवी, दिवे, पंप सगळं उतरवलं. दोन्ही फ्रेम जिथे एकमेकींना लागत होत्या तिथे एसीच्या पाइपवर चढवतात तो काळा फोम कापून बसवला. ज्यांची सायकल कार्बनची आहे त्यांनी आडव्या नळीवर दाब देणारा रॅक वापरूच नये. पट्टा बांधताना त्याला एक पीळ दिला तर तो वाऱ्यात फडफडत नाही. उरलेलं टोक गाठ मारून आत खोचायचं, लोंबतं ठेवायचं नाही.

सगळं झालं की बाहेरची सायकल दोन्ही हातांनी धरून जोरात हलवायची. गाडी हलली पाहिजे. सायकल एकटी हलत असेल, तर पहिल्यापासून सुरुवात करायची.

आमची नंबरप्लेट डिकीच्या दारावर आहे, म्हणजे नेमकी सायकलींच्या मागे. पहिल्यांदा बांधलं तेव्हा अर्धा नंबर आणि एक ब्रेकलाइट झाकला गेला होता. झाकलेल्या नंबरप्लेटचा दंड होतो हे खरंच, पण मला त्याहून काळजी वाटली ती घाटात मागून येणाऱ्याला आपला ब्रेक न दिसण्याची. रॅक वरच्या खाचेत घेतला आणि सायकली चार बोटं उचलल्या. मग मी दहा पावलं मागे उभी राहिले आणि नवऱ्याने ब्रेक, इंडिकेटर, रिव्हर्सचा दिवा असं एकेक लावून दाखवलं. सायकलींची टोकं गाडीच्या रुंदीबाहेर जात नाहीत ना, तेही तेव्हाच पाहिलं.

चांदणी चौक, पौड, मुळशी. पौडला थांबून पट्टे पुन्हा आवळले. पहिल्या पंधरा-वीस किलोमीटरमध्ये प्रत्येक पट्टा थोडा सैलावतोच. ताम्हिणी घाटाच्या अलीकडे मागून एक बाइकवाला आला आणि हात हलवत ओरडला, "ताई, मागे चाक फिरतंय!" उतरून पाहिलं तर बाहेरच्या सायकलचं हँडल वळलं होतं आणि वाऱ्याने चाक गरगरत होतं. ते चाक खाली सरकून सायलेन्सरच्या तोंडापासून जेमतेम चार बोटांवर आलं होतं. टायरला हात लावला. कडेला एक ठिकाण गरम आणि मऊ लागलं, रुपयाएवढा चकचकीत डाग पडला होता आणि जळक्या रबराचा वास येत होता. चढावर इंजिन ताणलेलं, धूर भरपूर गरम. आणखी दहा मिनिटं तसेच गेलो असतो तर टायर फाटलाच असता, आणि कदाचित कुणाच्या तरी अंगावर. फ्रेम आम्ही पक्की बांधली होती, चाकं नव्हती. सोबत सायकलची जुनी ट्यूब कापून आणली होती. तिच्या पट्टीने पुढचं चाक फ्रेमच्या खालच्या नळीला बांधलं, हँडल सीटच्या दांड्याला बांधलं आणि सायकल एक वीत डावीकडे सरकवली. जुन्या ट्यूबसारखी दोरी नाही. रबर ताण धरून ठेवतं आणि रंगाला ओरखडा पडत नाही. त्या मुलाचं नावही विचारायचं राहिलं. त्याचे मनापासून आभार.

पुढे विळे, निजामपूर, माणगाव, म्हसळा, बोर्ली पंचतन आणि दिवेआगर. घाटात चाळीसच्या आत राहिलो आणि मोकळ्या रस्त्यावरही सत्तरच्या वर गेलो नाही. गतिरोधक जवळजवळ थांबूनच ओलांडायचे. रिव्हर्सचे सेन्सर सायकलींमुळे सतत वाजतात आणि कॅमेऱ्यात फक्त चाकांच्या तारा दिसतात, त्यामुळे मागे घेताना कुणीतरी खाली उतरायलाच हवं. आणखी एक: रॅक लावल्यावर डिकी उघडत नाही. पाणी, खाऊ, औषधं, पाना हे सगळं मागच्या सीटवर हाताशी ठेवा.

शनिवारी सकाळी सातला दिवेआगरहून सायकली काढल्या. शेखाडी, कोंडिवली. उजवीकडे अखंड समुद्र, रस्त्याला फारशी गर्दी नाही, मधेमधे अंगावर येणारे दोन-तीन चढ. लेकीने एक चढ उतरून ढकलत पार केला, बाकी सगळे चालवले. पेशव्यांचं मूळ गाव बघायचं तिच्या मनात होतं, म्हणून श्रीवर्धनला बाळाजी विश्वनाथांच्या स्मारकापाशी थांबलो. नवरा गाडी घेऊन मागाहून आला. असा एक जण आळीपाळीने गाडीवर ठेवला की परत उलटं सायकल मारायचं ओझं राहत नाही.

रविवारी हरिहरेश्वरहून बागमांडल्याला गेलो, जेट्टीने खाडीपलीकडे वेश्वीला उतरून बाणकोटचा किल्ला बघायला. तिथे आम्हाला गाडी रिव्हर्समध्ये जेट्टीत चढवायला सांगितलं. ओहोटी होती, त्यामुळे फळी चांगलीच उतरती. मागे लोंबणारी चाकं फळीला घासणार हे उघड दिसत होतं. आम्ही विनंती करून शेवटचा नंबर घेतला, सायकली सोडवल्या आणि हाताने आत नेल्या. पाच मिनिटं लागली, कुणी कुरकुर केली नाही. सायकली मागे लावून जेट्टीने जाणाऱ्यांनी भरतीची वेळ धरावी, नाहीतर सरळ असंच करावं.

रात्री सायकली गाडीवर ठेवू नका. हे पट्टे साध्या सुरीने कापता येतात. आमच्या घरमालक काकूंनी पडवीत जागा दिली. जेवायला थांबलो तिथे गाडी डोळ्यासमोर लावली आणि दोन्ही फ्रेममधून आणि रॅकमधून साखळी घालून कुलूप लावलं. पाऊस किंवा धूळ नको म्हणून वरून ताडपत्री बांधायचा मोह होतो, तो टाळा. तिचं शीड होतं आणि सगळा ताण पट्ट्यांवर येतो. घरी आल्यावर मात्र त्याच संध्याकाळी सायकली गोड्या पाण्याने धुवा आणि चेनला तेल द्या. खाऱ्या हवेने आमच्या चेनवर तीन दिवसांतच तांबूस रेघ आली होती. रॅकचे हुकही धुवायला विसरू नका.

परतीला माणगावला चहासाठी थांबलो. आम्ही दार उघडेपर्यंत लेक मागे पोहोचली होती. तिने बाहेरची सायकल दोन्ही हातांनी धरून हलवली. गाडी हलली. मग तिने दोन्ही चाकांच्या ट्यूबच्या गाठी दाबून पाहिल्या आणि आत येऊन वडापाव मागवला.